रक्त थांबवणारा हात : अबुल कासिम अज्जहरावी

शल्यवैद्याच्या हाताकडून दोन कामांची अपेक्षा असते. पहिले काम कापण्याचे आणि दुसरे रक्त थांबवण्याचे. पहिल्या कामासाठी धारदार पाते पुरेसे असते. ते कसायाच्या हाती असते आणि सैनिकाच्याही हाती असते. दुसऱ्या कामाला मात्र ज्ञान लागते, संयम लागतो आणि आपल्या हाती आलेला जीव ही अल्लाहची अमानत आहे याचे भान लागते. इस्लामी जगतात ज्या पुरुषाने या दुसऱ्या कामाला पहिल्या कामाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व दिले आणि ते पुढच्या पिढ्यांना शिकवण्यासाठी आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव अबुल कासिम खलफ बिन अब्बास अज्जहरावी. युरोपच्या जुन्या ग्रंथांत ते अल्बुकासिस या अपभ्रंश नावाने ओळखले जातात.

त्यांच्या नावातच त्यांच्या गावाचा आणि घराण्याचा पत्ता आहे. स्पेनमध्ये, म्हणजे त्या काळच्या अंदलुसमध्ये, खलीफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी इ.स. ९३६ मध्ये राजधानी कुर्तुब्यापासून काही मैलांवर, डोंगराच्या उतारावर मदीनतुज्जहरा या नव्या नगराची पायाभरणी केली. अज्जहरावी हे उपनाम त्या नगरावरून आले. त्यांचा जन्मही सुमारास त्याच वर्षी झाला असे मानले जाते. त्यांचे घराणे अन्सारी होते; मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) आणि मुहाजिर बांधवांना ज्यांनी आसरा दिला, त्या अन्सारांशी ते आपले नाते सांगत असे.

त्या काळचे कुर्तुबा म्हणजे ज्ञानाची बाजारपेठ होती. बायझंटाइन सम्राटाने खलीफांना ज्या भेटवस्तू पाठवल्या, त्यांत डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याचा वनौषधींवरील सचित्र ग्रंथ होता. तो वाचून दाखवण्यासाठी पुढे एक ख्रिस्ती साधू मागवण्यात आला आणि मुस्लिम, यहुदी व ख्रिस्ती विद्वानांनी एकत्र बसून त्यातील वनस्पतींची ओळख पटवली. पुढचे खलीफा हकम दुसरे यांच्या ग्रंथालयात लाखो ग्रंथ होते असे इतिहासकार नोंदवतात. अशा वातावरणात अज्जहरावी वाढले, शिकले आणि वैद्यकी करू लागले. ते राजदरबाराच्या वैभवाजवळ राहिले, परंतु त्यांच्या लेखणीतून दरबाराचे वर्णन फारसे उतरले नाही. रुग्ण, जखमा, अवजारे आणि विद्यार्थी हेच त्यांच्या लेखनाचे विषय होते.

त्यांच्या काळजाला लागलेली खंत कोणती होती, हे त्यांच्या ग्रंथातील शस्त्रक्रियेच्या प्रकरणाच्या प्रस्तावनेवरून कळते. औषधशास्त्र भरभराटीला आले असताना हाताने करावयाची विद्या, म्हणजे जर्राही, त्यांच्या देशातून जवळजवळ लोपली होती. प्राचीनांच्या ग्रंथांत तिचे तुटक उल्लेख उरले होते आणि नकलाकारांच्या चुकांनी तेही दुर्बोध झाले होते. विद्या लोपली, तरी धंदा मात्र चालूच राहिला होता. शरीररचना न शिकलेले लोक हाती पाते घेऊन रुग्णांवर चालवत होते.

याचे परिणाम अज्जहरावी यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि ते लिहून ठेवले. एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापली. मानेतील रक्तवाहिन्या कोठून जातात हे त्याला ठाऊक नव्हते. पात्याने धमन्या छेदल्या गेल्या, रक्त उसळले, आणि ती स्त्री त्याच्यासमोरच गतप्राण झाली. दुसऱ्या एकाने अतिवृद्ध रुग्णाच्या मूत्राशयातील मोठा खडा काढण्याचे धाडस केले. खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही निघाला आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण दगावला. तोच खडा काढण्यासाठी आधी अज्जहरावी यांना बोलावले होते. खड्याचा आकार आणि रुग्णाची अवस्था पाहून त्यांनी नकार दिला होता. तिसऱ्या एकाने मोडलेला पाय जखमेसह घट्ट बांधून टाकला. पाय सुजला आणि सडू लागला, तरी बंध सैल करण्याचे त्याला सुचले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की, ज्याचे वैद्यकीय ज्ञान सर्वमान्य नाही अशा माणसाने उपचार केले आणि हानी झाली, तर तो तिला जबाबदार आहे. पुढे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी वैद्यकविद्या फर्जे किफाया ठरवली. समाजातील काहींनी ती आत्मसात केली नाही, तर सारा समाज दोषी ठरतो. इमाम गजाली (रह.) यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला आहे. अज्जहरावी इमाम गजालींच्या आधीच्या शतकातले. परंतु त्यांचे जीवन या शिकवणीचे आचरण होते. अडाणी वैद्यांची निंदा करून ते थांबले नाहीत. जी विद्या कोणी शिकवत नाही ती आपण शिकवली पाहिजे, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

सुमारे पन्नास वर्षांच्या अनुभवाचे सार त्यांनी इ.स. १००० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘किताबुत्तस्रीफ’ या ग्रंथात ओतले. या ग्रंथाचे तीस भाग आहेत. रोग, औषधे, लेप, आहार, औषधांची वजने आणि मापे अशा विषयांनंतर शेवटचा तिसावा भाग येतो, तो शस्त्रक्रियेचा. तो मुद्दाम शेवटी ठेवलेला आहे, कारण बाकीचे सर्व शिकल्यावरच विद्यार्थ्याने पात्याला हात लावावा अशी त्यांची धारणा होती. या भागाचे तीन विभाग आहेत. पहिला डाग देण्याचा, दुसरा चिरणे, टाके घालणे आणि शीर तोडणे यांचा, तर तिसरा मोडलेली व निखळलेली हाडे बसवण्याचा.

या भागाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे चित्रे. सुमारे दोनशे अवजारांच्या आकृती त्यांनी ग्रंथात दिल्या. केवळ शब्दांनी अवजार समजत नाही. लोहाराला ते घडवता येत नाही आणि शिष्याला ओळखता येत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक अवजाराचा आकार काढून दाखवला आणि ते कोणत्या धातूचे, किती लांबीचे, किती जाडीचे असावे हेही बहुतेक ठिकाणी सांगितले. आपल्या कलेची गुपिते पोटात ठेवून प्रतिष्ठा वाढवण्याची वृत्ती प्रत्येक काळातील कारागिरांत असते. अज्जहरावी यांनी आपली संपूर्ण पेटी जगासमोर उघडी करून ठेवली.

त्या पेटीत चिमट्यांना मोठे स्थान आहे. दिसायला चिमटा हे साधे अवजार आहे. स्वयंपाकघरातील सांडशी आणि शल्यवैद्याचा चिमटा एकाच कुळातले. परंतु शरीरात वापरावयाच्या चिमट्यासमोर एक अवघड प्रश्न असतो. पकड सैल असेल तर धरलेली वस्तू निसटते आणि अधिक नासधूस होते. पकड अवाजवी असेल तर धरलेला अवयवच चिरडतो. म्हणून प्रत्येक कामाचा चिमटा वेगळा असावा लागतो. अज्जहरावी यांनी हे नेमके ओळखले होते.

दात काढण्याच्या चिमट्याविषयी त्यांनी सांगितले की, त्याची मूठ जाड असावी, म्हणजे दाबताना ती वाकणार नाही. तो हिंदी लोखंडाचा किंवा उत्तम पोलादाचा असावा. भारतात तयार होणाऱ्या लोखंडाची कीर्ती त्या काळी अंदलुसपर्यंत पोहोचली होती, हे यावरून कळते. चिमट्याच्या तोंडाला आतून एकमेकांत बसणारे दाते असावेत किंवा ते कानशीसारखे खरबरीत असावे. अवजाराइतकेच महत्त्व त्यांनी निदानाला दिले. दुखऱ्या दाताची वेदना शेजारच्या दातात जाणवते आणि रुग्ण चांगलाच दात काढायला सांगतो. म्हणून आधी खात्री करावी, मग चिमटा उचलावा. घाईने दात मोडून मुळे आत ठेवणाऱ्या हज्जामांवर त्यांनी कडक शब्दांत टीका केली आहे.

शरीरात रुतलेला बाण काढण्यासाठी त्यांनी पक्ष्याच्या चोचीसारख्या टोकांचा चिमटा दाखवला. त्याची टोके कानशीप्रमाणे खरबरीत केलेली होती, म्हणजे एकदा पकडलेला बाण सुटत नसे. कानात गेलेला खडा किंवा बी काढण्यासाठी नाजूक चिमटा, तर गर्भातच मृत्यू पावलेले मूल काढून मातेचा जीव वाचवण्यासाठी दातेरी मोठा चिमटा, असे अनेक प्रकार त्यांच्या ग्रंथात आहेत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे रक्त थांबवण्याकडे वळू. इस्लामच्या इतिहासात या विषयाची सुरुवात थेट प्रेषितांच्या घरापासून होते. उहुदच्या लढाईत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर जखम झाली. पाण्याने धुऊन रक्त अधिकच वाहू लागले, तेव्हा हजरत फातिमा (र.) यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेत भरली आणि रक्त थांबले. खंदकाच्या लढाईत अन्सारांचे सरदार हजरत साद बिन मुआज (र.) यांच्या हाताची मोठी शीर तुटली, तेव्हा स्वतः प्रेषितांनी डाग देऊन रक्त थांबवण्याचा प्रयत्न केला. जखमी सहाबींच्या शुश्रूषेसाठी मस्जिदे नबवीत तंबू उभारला गेला होता आणि तेथे हजरत रुफैदा (र.) सेवा करीत असत. वाहते रक्त पाहून हात बांधून बसणे ही प्रेषितांची रीत नव्हती.

अज्जहरावी यांनी ही परंपरा शास्त्राच्या पातळीवर नेली. छेदलेल्या धमनीचे रक्त थांबवण्याचे चार मार्ग त्यांनी नोंदवले. पहिला, तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा. दुसरा, धमनी अर्धवट तुटली असेल तर ती पूर्ण तोडण्याचा, कारण पूर्ण तुटलेल्या धमनीची टोके आक्रसून आत ओढली जातात आणि रक्त थांबते. तिसरा, धमनी धाग्याने घट्ट बांधण्याचा. चौथा, रक्त गोठवणारी औषधे लावून वर दाबाची पट्टी बांधण्याचा. डाग देताना मज्जातंतू भाजू नये म्हणून जपावे, आणि एक डागणी थंड होताच दुसरी हाती यावी म्हणून लहानमोठ्या अनेक डागण्या विस्तवात तयार ठेवाव्यात, असे त्यांनी बजावले. डागण्या सोन्याच्या असाव्यात असे काही प्राचीन वैद्य मानत; अज्जहरावी यांनी अनुभवाने लोखंडाला पसंती दिली. सोने मुळातच तांबूस असल्यामुळे ते किती तापले हे कळत नाही आणि ते लवकर थंड होते, हे त्यांचे कारण होते. महागडी वस्तू नव्हे, तर उपयोगी वस्तू हा त्यांचा निकष होता.

वैद्य जवळ नसेल, औषधही नसेल, तर काय करावे हेही त्यांनी लिहिले. रक्तवाहिनीच्या तोंडावर बोट ठेवून घट्ट दाबून धरावे आणि रक्त गोठेपर्यंत जखमेवर अतिशय थंड पाणी ओतत राहावे. आजही प्रथमोपचाराच्या वर्गात रक्तस्रावासाठी पहिला धडा थेट दाबाचाच दिला जातो.

जुनाट डोकेदुखीवर त्या काळी कानशिलातील धमनी काढण्याचा उपचार करीत. त्याचे वर्णन करताना त्यांनी सांगितले की, धमनी भोवतीच्या भागातून सोडवावी, आकड्याने वर उचलावी आणि ती मोठी असेल तर रेशमाच्या दुहेरी धाग्याने किंवा ऊद या वाद्याच्या तारेने दोन ठिकाणी बांधावी. मग दोन गाठींच्या मधला भाग कापावा. आधी दोन्ही बाजूंनी बंद करायचे आणि मगच कापायचे, हा क्रम आजच्या शस्त्रक्रियागृहातही पाळला जातो. धमनी बांधण्याची कल्पना ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होती, आणि अज्जहरावी यांनी पूर्वसुरींचे ऋण कधी नाकारले नाही. आतड्याच्या जखमेच्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या डोक्याच्या मुंग्या चावू द्याव्यात आणि मग त्यांचे धड तोडून टाकावे, म्हणजे जबडे कडा धरून ठेवतात, हा उपायही त्यांनी अनुभवी लोकांच्या हवाल्याने नोंदवला. भारतात सुश्रुताच्या ग्रंथातही असाच उपाय सापडतो. प्राण्याच्या आतड्यापासून केलेल्या तंतूने टाके घालण्याची रीतही त्यांनी सांगितली. तो तंतू शरीरात आपोआप विरघळतो.

त्यांच्या अनुभवांपैकी एक प्रसंग विशेष लक्षात राहतो. एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी चालवली. अज्जहरावी यांना बोलावण्यात आले, तेव्हा तिच्या गळ्यातून जबह केलेल्या जनावरासारखा आवाज येत होता. त्यांनी जखम तपासली. श्वासनलिका कापली गेली होती, पण मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या आणि रक्त थोडेच वाहत होते. त्यांनी जखम शिवली आणि उपचार चालू ठेवले. आवाजात थोडा घोगरेपणा राहिला, बाकी ती पूर्ण बरी झाली. श्वासनलिकेची जखम प्राणघातकच असते असे नाही, हा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला. समाजाच्या दृष्टीने ती एक सामान्य दासी होती. त्यांच्या दृष्टीने तो वाचवण्यासारखा जीव होता. एक माणूस वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही पवित्र कुरआनची शिकवण जात, दर्जा किंवा धर्म पाहून लागू होत नाही. डोळ्याच्या खोबणीत घुसलेला बाण त्यांनी एका यहुदी माणसाचा काढला, तर गळ्यात रुतलेला बाण एका ख्रिस्ती माणसाचा.

स्त्री-रुग्णांच्या बाबतीत त्यांनी हया आणि उपचार यांचा मेळ घातला. स्त्रीच्या मूत्राशयातील खडा काढायचा असेल तर कुशल स्त्री-वैद्य शोधावी; ती न मिळाल्यास अनुभवी सुईण सोबत घ्यावी आणि वैद्याच्या सूचनेनुसार तिने काम करावे, असा मार्ग त्यांनी दाखवला. लज्जेपोटी रुग्णाला उपचाराविना सोडणे त्यांना मान्य नव्हते, आणि उपचाराच्या नावाखाली मर्यादा ओलांडणेही मान्य नव्हते. अशा स्त्री-वैद्य फार थोड्या आहेत, ही त्यांनी व्यक्त केलेली उणीव होती. आपल्या मुलींना वैद्यकी शिकवावी की नाही, असा प्रश्न ज्या घरांत आजही विचारला जातो, त्यांनी हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदीचा विचार करावा.

शिष्यांना ते आपली मुले म्हणत. शस्त्रक्रियेचे त्यांनी दोन वर्ग केले होते. एकात रुग्ण सुखरूप राहण्याची आशा असते, दुसऱ्यात बहुधा धोकाच असतो. दुसऱ्या वर्गापासून दूर राहावे, धनाच्या लोभाने किंवा नावलौकिकासाठी त्यात हात घालू नये आणि सावधगिरी नेहमी हव्यासापेक्षा मोठी ठेवावी, हा त्यांचा उपदेश होता. जे कळत नाही त्याला हात न लावणे हाही त्यांच्या दृष्टीने उपचाराचाच भाग होता. एका गावात क्षुल्लक जखमेनेही पुरुष रक्तस्राव होऊन मरतात, हे त्यांनी नोंदवले आणि असा रोग कोणत्याही जुन्या ग्रंथात आढळला नाही, असेही प्रामाणिकपणे लिहिले. आज हिमोफिलिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक रोगाचे हे सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक मानले जाते.

त्यांच्या आयुष्याची अखेर दुःखद काळात झाली. अंदलुसमध्ये यादवी माजली. इ.स. १०१० मध्ये मदीनतुज्जहरा लुटले गेले आणि उद्ध्वस्त झाले. १०१३ मध्ये कुर्तुब्यावरही तीच पाळी आली. त्याच सुमारास अज्जहरावी यांचे निधन झाले. ज्या नगराने त्यांना नाव दिले त्याचे दगड विखुरले. संगमरवरी राजवाडे टिकले नाहीत. टिकली ती कागदावरील चिमट्यांची चित्रे.

कुर्तुब्याचेच विद्वान इब्ने हज्म (रह.) यांनी ‘तस्रीफ’ची प्रशंसा केली. बाराव्या शतकात टोलेडो येथे जेरार्ड या अनुवादकाने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला. १३६३ मध्ये फ्रान्सचे गी द शोलियाक यांनी आपल्या ग्रंथात अज्जहरावी यांचा वारंवार आधार घेतला. १४६५ मध्ये अनातोलियात शरफुद्दीन साबुनजूओग्लू यांनी तुर्की भाषेत त्यावर आधारित सचित्र ग्रंथ लिहिला. १४९७ मध्ये व्हेनिस येथे लॅटिन अनुवाद छापला गेला, १७७८ मध्ये ऑक्सफर्ड येथे अरबी मूळ लॅटिनसह निघाले, आणि १९०८ मध्ये आपल्या देशात लखनौ येथेही शस्त्रक्रियेच्या भागाची अरबी आवृत्ती निघाली.

पुढे सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रवाज पारे यांनी अवयव कापताना धमन्या कावळ्याच्या चोचीसारख्या चिमट्याने धरून बांधण्याची पद्धत रूढ केली. एकोणिसाव्या शतकात पेआँ आणि स्पेन्सर वेल्स यांच्या हातून कडी असलेला धमनी-चिमटा आकाराला आला. रक्तवाहिनीवर लावून कडी अडकवली की तो स्वतःच पकडून राहतो आणि शल्यवैद्याचे बोट मोकळे होते. अज्जहरावी यांच्याकडे असा कडीचा चिमटा नव्हता, जंतूंचे ज्ञानही नव्हते. जे नव्हते ते त्यांच्या नावावर चढवण्याची गरज नाही. जे होते तेच पुष्कळ आहे.

आजचा पोलादी धमनी-चिमटा एकदा वापरून टाकून दिला जात नाही. एका रुग्णाचे रक्त थांबवून तो दुसऱ्या रुग्णासाठी पुन्हा तयार केला जातो. त्याची कडी उघडून सांध्याजवळचे आणि दात्यांमधले रक्त ब्रशने घासून काढावे लागते. सुकलेले रक्त आत राहिले तर वाफ तेथे पोहोचत नाही. मग उघड्या स्थितीतच तो दाबाखालील वाफेत १२१ किंवा १३४ अंश तापमानावर ठरलेला वेळ निर्जंतुक केला जातो. हे काम करणाऱ्या माणसाचे नाव रुग्णाला कधी कळत नाही. त्याने सांधा न घासताच चिमटा पुढे सरकवला, तर ते पाहणारे बहुधा कोणी नसते, अल्लाहखेरीज. अज्जहरावी यांनी शिष्यांना शिकवलेल्या अमानतीची परीक्षा इथेच होते.

आपण आपल्या पूर्वजांची नावे अभिमानाने घेतो. परंतु अज्जहरावी यांनी पूर्वजांच्या कीर्तीवर संतोष मानला नाही. लोपलेली विद्या त्यांनी कष्टाने परत मिळवली, तपासली, सुधारली आणि काहीही न लपवता पुढे दिली. पवित्र कुरआनच्या सूरह अल-हदीदमध्ये लोखंडात प्रचंड सामर्थ्य आणि माणसांसाठी लाभ असल्याचे सांगितले आहे. त्याच लोखंडाची तलवार होते आणि त्याच लोखंडाचा चिमटाही. ज्या काळात त्यांच्या नगराभोवती तलवारी रक्त सांडत होत्या, त्या काळात या अन्सारी वैद्याने लोखंडाचा उपयोग रक्त थांबवण्यासाठी शिकवला. अल्लाह त्यांच्यावर रहमत करो आणि आपल्या मुलामुलींना असे ज्ञान व असे हात देवो. आमीन.